अर्ध्या सेकंदाने पकडलेला चोरदरवाजा

सायकलच्या दुकानात नवी सायकल जोडताना तुम्ही पाहिली असेल. दुकानदार साखळी स्वतः घडवीत नाही, छर्रेही ओतीत नाही. टायर एका कारखान्यातले, घंटी दुसऱ्या. सारे भाग चोख आहेत असे धरूनच तो पाना चालवितो.

संगणकाच्या आज्ञावल्या आज अशाच जोडल्या जातात. तारीख मोजणे, चित्र दाखविणे, माहिती दाबून लहान करणे अशा कामांसाठी आयत्या आज्ञावल्या मिळतात. त्यांपैकी पुष्कळशा ‘मुक्तस्रोत’ असतात. म्हणजे त्यांचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, सुधारावा आणि फुकट वापरावा. सारे उघड्यावर असल्याने लबाडी लगेच दिसेल असे आपल्याला वाटते. पण ‘कोणालाही वाचता येते’ आणि ‘कोणीतरी खरोखर वाचले आहे’ या दोन गोष्टी एकच आहेत का? २०२४ साली घडलेली एक गोष्ट याचे उत्तर देते.

एक साधे अवजार

‘एक्सझेड युटिल्स’ ही माहिती आटोपशीर करणारी आज्ञावली आहे. समजा, एका ओळीत ४० वेळा ‘क’ आला आहे. तो चाळीसदा लिहिण्याऐवजी ‘४० क’ असे लिहिले तर जागा वाचेल की नाही? याच तत्त्वाचे अधिक हुशार रूप ती वापरते. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत ती असते. आणि इतक्या ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या या अवजाराची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः फिनलंडमधील लासे कॉलिन हा एकच माणूस, तीही फावल्या वेळात, विनामोबदला करीत होता.

२०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी मदतीला आले. दुरुस्त्या चांगल्या होत्या. २०२२ मध्ये इतर काही अनोळखी नावांनी ‘काम फार रेंगाळते, दुसऱ्या कोणाकडे द्या’ असा तगादा लावला. हळूहळू नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार या मदतनिसाकडे आला. हे टोपणनाव असावे आणि तगादा लावणारेही त्याचेच साथीदार असावेत, असे जाणकार मानतात.

विष कोठे लपविले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ ही आवृत्ती निघाली. दोन्हींत घातक आज्ञा होत्या. पण वाचता येणाऱ्या मजकुरात त्या नव्हत्याच!

आज्ञावली नीट चालते का हे तपासण्यासाठी तिच्यासोबत नमुन्याच्या फाइली ठेवतात. त्यांतील काही मुद्दाम बिघडविलेल्या असतात; बिघाड ओळखता येतो की नाही हे पाहण्यासाठी. अशी फाइल उघडली तरी माणसाला अर्थहीन खिचडीच दिसते. म्हणून ती कोण वाचणार? विष तेथेच दडविले होते. ते बाहेर काढणारी किल्ली आज्ञावली जुळविण्याच्या सूचनांमध्ये होती. आणि त्यातली कळीची ओळ सर्वांसमोर असलेल्या मजकुरात नव्हती. वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घातलेली होती.

आता खरी गंमत पाहा. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी ‘ओपन एसएसएच’ वापरतात. तिला एक्सझेडची मुळीच गरज नसते. परंतु काही लिनक्स वितरकांनी तिला आणखी एक भाग जोडला होता आणि त्या भागाला एक्सझेड लागत होते. मित्राच्या मित्राने घरात शिरावे, तसा हा शिरकाव! आत शिरल्यावर, आलेल्याची ओळख पटविणारी क्रियाच तो बदलून टाकी. मग ज्याच्याजवळ विशिष्ट गुप्त किल्ली आहे, त्याला त्या संगणकाकडून हव्या त्या आज्ञा पाळून घेता आल्या असत्या.

अर्धा सेकंद

मायक्रोसॉफ्ट कंपनीतील आन्द्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळ्याच कामासाठी संगणकाचा वेग मोजीत होता. त्याला दिसले, की एसएसएचने आत जाण्यास एरवी सुमारे ०.३ सेकंद लागत, ते आता ०.८ सेकंद लागत आहेत. फरक केवळ अर्ध्या सेकंदाचा. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. त्याने मात्र ‘असे का?’ हा प्रश्न सोडला नाही. धागा धरून मागे जात तो एक्सझेडपर्यंत पोहोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने हा चोरदरवाजा जाहीर केला. तोवर या आवृत्त्या डेबियन, फेडोरा इत्यादींच्या मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोहोचल्या होत्या. त्या तातडीने मागे घेण्यात आल्या. आणखी काही महिने गेले असते, तर त्या जगभरच्या कामकाजाच्या संगणकांत जाऊन बसल्या असत्या.

शिक्का खरा, माल खोटा

तुम्ही विचाराल, गठ्ठ्यावर शिक्का नसतो का? असतो. संगणकी शिक्क्यावरून गठ्ठा कोणी बांधला आणि वाटेत तो कोणी बदलला नाही ना, हे कळते. येथे शिक्का खराच होता; कारण गठ्ठा अधिकार असलेल्यानेच बांधला होता! शिक्का बांधणारा कोण ते सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही.

म्हणून आता पुढील खबरदारीवर भर दिला जातो: वाटलेला गठ्ठा उघड मजकुरातूनच बनला आहे का हे पुन्हा बनवून ताडून पाहणे, महत्त्वाचा बदल दोघांनी वाचल्याशिवाय न स्वीकारणे, आणि ज्यांच्या खांद्यावर सर्वांचा भार आहे अशा एकट्या माणसांना पैशाचे व मनुष्यबळाचे पाठबळ देणे.

तुमच्या शाळेतील संगणकावर लिनक्स असेल, तर शिक्षकांच्या मदतीने एक्सझेडच्या आवृत्तीचा क्रमांक पाहा. आणि प्रयोगशाळेत एखादा आकडा अपेक्षेपेक्षा किंचित वेगळा आला, तर तो खोडून ‘बरोबर’ उत्तर लिहू नका. तो वेगळा का आला, हे आधी शोधा.