मे महिन्यातले परके शहर

किशोरवयीन मुलांना घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातल्या एकाच शहरात पाच-सहा दिवस राहून येणे, हा मराठी कुटुंबांच्या प्रवासातला तसा नवा प्रकार आहे. मराठी मध्यमवर्गाला परदेश दाखवला तो मुख्यतः सहलींच्या कंपन्यांनी. केसरी पाटील यांनी 1984 साली सुरू केलेली केसरी टूर्स आणि 2013 मधली वीणा वर्ल्ड ही त्यातली ठळक नावे. टूर मॅनेजर, बस, वेळेवर मराठी जेवण आणि ठरलेला कार्यक्रम यांमुळे आजी-आजोबाही निर्धास्तपणे युरोप पाहून आले. एका शहराची सहल मात्र घरातल्या घरात आखली जाते. ती आखताना सर्वांत जास्त विचार करावा लागतो तो तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा. लहान मुलाला नेले तिथे ते येते. या वयाच्या मुलाला स्वतःची आवड असते, झोपेची वेगळी वेळ असते, आणि आई-वडिलांपासून दहा पावले पुढे चालण्याची ओढ असते.

वसई-विरारच्या घरात या नियोजनाची सुरुवात शाळेच्या वेळापत्रकापासून होते. राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. सीबीएसई शाळांचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते आणि त्या जूनमध्ये बहुधा आधी उघडतात. भावंडे वेगवेगळ्या मंडळांत असली की दोघांची सामाईक सुट्टी जेमतेम चार आठवडे उरते. दहावीचे मूल असेल तर मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर एप्रिल त्याच्यासाठी मोकळा असतो, पण धाकट्याची वार्षिक परीक्षा तेव्हाच येते. 2025 साली बारावीचा निकाल 5 मे रोजी आणि दहावीचा 13 मे रोजी लागला. त्याच वर्षापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. नोंदणी, अर्जाचे भाग, पसंतीक्रम, फेऱ्या हे सारे निकालानंतरच्या आठवड्यांत येते, आणि तेव्हा मूळ कागदपत्रे व ओटीपी येणारा फोन हाताशी लागतो. म्हणून दहावीचे मूल असलेल्या घराने निकालाच्या आधी परत यावे, हे सर्वांत सुरक्षित. बारावीच्या घरात एप्रिल-मेमध्ये सीईटी आणि मेच्या सुरुवातीला नीट असते. त्या वर्षी उन्हाळ्याचा हट्ट सोडून दिवाळीची सुट्टी धरणे शहाणपणाचे ठरते. आठवी आणि नववी ही दोन वर्षे अशा सहलीसाठी सर्वांत मोकळी असतात आणि ती फार पटकन निघून जातात.

तारखा ठरल्या की कपाटातली फाइल निघते. अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा, यांतला जो काळ आधी संपेल तेवढाच असतो. मूल दहा वर्षांचे असताना काढलेला पासपोर्ट पंधराव्या वर्षी संपतो, म्हणजे नेमका नववी-दहावीच्या सुट्टीत. पंधरा पूर्ण झालेल्या मुलाला दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता येतो. महाविद्यालयाच्या वर्षांचा विचार केला तर तोच घ्यावा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, तर युरोपातल्या शेंगेन देशांना परतीच्या तारखेनंतर तीन महिन्यांची. त्यामुळे मेमध्ये जायचे असेल तर मुदत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच तपासावी. नूतनीकरणाला आई-वडील दोघांची संमती लागते आणि पासपोर्ट सेवा केंद्रावरची भेटीची वेळ उन्हाळ्याच्या तोंडावर लवकर मिळत नाही.

नावांची तपासणी याच वेळी करावी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर दिलेले नाव आणि आडनाव वेगळ्या रकान्यांत असतात. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव राहिलेले असते. तिकीट पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच काढायचे, रोजच्या हाकेचे नाव किंवा बाप्तिस्म्याचे दुसरे नाव त्यात घालायचे नाही. व्हिसाच्या अर्जासोबत शाळेचे बोनाफाइड किंवा ना-हरकत पत्र बहुधा मागतात. मेमध्ये शाळेचे कार्यालय अर्धवेळ चालते, म्हणून ते पत्र परीक्षेच्या दिवसांतच घेऊन ठेवावे. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र बरोबर असावे. जे गल्फमध्ये किंवा जहाजावर नोकरीला आहेत, त्यांच्याकडून ते यायला वेळ लागतो.

व्हिसा हा शहर निवडण्यातला पहिला मोठा फाटा असतो. मलेशियाने डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश दिला. सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन मिळतो. युरोपसाठी मुलांनाही मुंबईतल्या अर्ज केंद्रावर प्रत्यक्ष न्यावे लागते, कारण बारा वर्षांपासून पुढे बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षे पूर्ण झालेल्यांना शुल्कही प्रौढांइतकेच, म्हणजे जून 2024 पासून 90 युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. एप्रिल-मेच्या प्रवासासाठी केंद्रांवर गर्दी असते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घेतलेली बरी. हे नियम दर वर्षी बदलतात आणि शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय केले यावर विसंबून चालत नाही. त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पाहावे. सिंगापूर, थायलंड, मलेशिया यांच्या आगमनाच्या ऑनलाइन नोंदीसाठी सरकारी जागी काहीही शुल्क नसते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पाने टाळावीत.

दुसरा फाटा हवेचा. मेमध्ये दुबईचे तापमान चाळिशीला टेकलेले असते आणि दिवसाचा मोठा भाग मॉलमध्येच जातो. बँकॉकचा एप्रिल वर्षातला सर्वांत कडक महिना. तिथे 13 ते 15 एप्रिल सोंगक्रानचा पाण्याचा सण असतो. तो मुलांना फार आवडतो, पण त्या दिवसांत अनेक दुकाने व कचेऱ्या बंद असतात. सिंगापूर आणि क्वालालंपूर वर्षभर दमट, साधारण वसईच्या मेसारखेच. युरोप, इस्तंबूल, जपान यांना मे हा उत्तम महिना. फक्त जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्ट्या सलग येतात आणि गाड्या-हॉटेले भरून वाहतात.

तिसरा निकष बहुतेक घरांत राहून जातो आणि तोच सर्वांत मोलाचा आहे: त्या शहरात मुलाला स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या अकलेने फिरता येईल का? वसई-विरारच्या मुलांकडे यासाठी एक भक्कम शिदोरी असते. विरार लोकलमध्ये वाढलेले चौदा वर्षांचे मूल इंडिकेटर वाचते, फास्ट-स्लो ओळखते, कुठला डबा पुलाजवळ येतो हे जाणते, अंधेरीला उतरायचे असेल तर आधीच दाराकडे सरकते. सिंगापूरची एमआरटी किंवा लंडनची भुयारी रेल्वे त्याच्या दृष्टीने सोपी असते. नकाशा त्याच्या हातात द्यावा आणि घरच्यांनी त्याच्या मागून चालावे. ज्या शहरात प्रत्येक ठिकाणी टॅक्सी लागते, ते शहर या वयाला कंटाळवाणे होते. म्हणून मेट्रो, ट्राम आणि रुंद पदपथ असलेले शहर, त्यात स्थानकापासून चालत जाता येईल असे हॉटेल, ही निवड प्रसिद्ध स्थळांच्या संख्येपेक्षा आधी करावी.

वसईच्या मुलांसाठी दोन शहरांचा विचार अजून फारसा होत नाही, तो व्हायला हवा. पहिले नागासाकी. वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी तिथल्या निशिझाका टेकडीवर इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईतले महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते आणि शेकडो मुले रोज त्या पाटीखालून आत जातात. निशिझाकावरचे सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक 1962 मध्ये उभे राहिले. ते नागासाकी स्थानकापासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. त्याच शहरात 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बचे संग्रहालय आहे, ज्याबद्दल मुले इतिहासात चार ओळी वाचतात. शहर लहान, ट्राम सोपी. फुकुओकाच्या हाकाता स्थानकातून रेल्वेने दोन तासांच्या आत पोहोचता येते.

दुसरे लिस्बन. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी किल्ला घेतला. त्या किल्ल्यातली छप्पर नसलेली चर्चे वसईच्या प्रत्येक मुलाने शाळेच्या सहलीत किंवा फोटो काढायला म्हणून पाहिलेली असतात. लिस्बनमध्ये कार्मो मठाचे चर्चही छपराविना उभे आहे. 1755 च्या भूकंपात ते कोसळले आणि आज त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. तेजो नदीकाठचा बेलेमचा बुरूज आणि जेरोनिमोस मठ पाहिले की ज्या राज्याने वसईत दोनशे वर्षे कारभार केला, त्याचा पैसा आणि आत्मविश्वास मुलांना डोळ्यांनी दिसतो. हे दोन्ही सोमवारी बंद असतात. कॅथलिक कुटुंबे लिस्बनला जोडून फातिमाला जातात. 13 मे हा तिथल्या मोठ्या यात्रेचा दिवस आहे. भक्तीसाठी जायचे तर तोच दिवस, नाहीतर मुक्काम त्याच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे ठेवावा.

शहर ठरल्यावर आरक्षणात वयाचा हिशेब पुन्हा येतो. विमानात बारा वर्षे पूर्ण झाली की प्रौढाचे भाडे. बऱ्याच हॉटेलांतही त्याच सुमाराला मूल प्रौढांत मोजले जाते, आणि चौघांना एक खोली मिळत नाही. शेजारच्या दोन खोल्या किंवा स्वयंपाकघर असलेले छोटे घर हा त्यावर चांगला उपाय. खर्च वाढतो, पण रात्री एकपर्यंत जागणारे मूल आणि सहाला उठणारे वडील एका खोलीत सहा दिवस राहिले तर सहलीचा रस जातो. उलट, काही ठिकाणी वय उपयोगी पडते. पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. ॲम्स्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या दिवसांसाठी खुली होतात आणि झपाट्याने संपतात. ज्या मुलीने ॲन फ्रँकची डायरी वाचली आहे, तिच्यासाठी विमानाच्या तिकिटाआधी तो मंगळवार कॅलेंडरवर लिहावा.

पैशांबाबत थोडक्यात. परदेश दौऱ्याचे तयार पॅकेज घेतले की विक्रेता त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, गोळा करतो. ही रक्कम बुडत नाही, विवरणपत्रात वळती करता येते, पण ती तोपर्यंत अडकते. खर्चासाठी फॉरेक्स कार्ड, थोडी रोख आणि एक क्रेडिट कार्ड पुरते. दुकानातले यंत्र रुपयांत की स्थानिक चलनात असे विचारते, तेव्हा स्थानिक चलन निवडावे. मुलांना रोजचा हातखर्च ठरवून द्यावा आणि तो त्यांनीच सांभाळावा. त्यात जेवण, खरेदी, आईस्क्रीम सगळे बसवायला शिकणे हा या वयाचा खरा अभ्यास आहे.

दिवसाची आखणी करताना सकाळी एक आणि दुपारी उशिरा एक, एवढीच मोठी ठिकाणे धरावीत. त्यातही प्रत्येक मुलाकडे एक पूर्ण दिवस सोपवावा: कुठे जायचे, कुठली गाडी, कुठे जेवायचे, बंद कधी असते, सगळे त्याने शोधून लिहून आणायचे. फुटबॉलचे मैदान, ॲनिमेची दुकाने, जुन्या पुस्तकांची गल्ली असे काहीही निघेल. पालकांनी ते खोडू नये. पूर्वेकडच्या शहरात जाणाऱ्यांनी पुलंचे ‘पूर्वरंग’ घरात आधी फिरवावे. सिंगापूर, बँकॉक, जपान त्यात भेटतात आणि मुले तिथे पोहोचून बदललेले काय, हे स्वतः ताडतात.

चुकामूक होईल असे धरूनच नियम करावेत. गाडीत एक जण चढला आणि बाकीचे राहिले, तर चढलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे. लोकलच्या मुलांना हा नियम ठाऊक असतो. परक्या शहरात तो मोठ्यांनीही पाळायचा असतो. हॉटेलचे नाव-पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात असावा, कारण फोनची बॅटरी संध्याकाळी संपते. पासपोर्टच्या प्रती वेगळ्या पिशवीत. खाऊ म्हणून वसईची सुकेळी आणि चिवडा चालतो. युरोपात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. सिंगापूरला च्युइंगगम नेऊ नये, हे मुलांना आधीच सांगावे.

शेवटी विमानतळापर्यंतचा रस्ता. मुंबईहून अनेक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तीन तास आधी पोहोचायचे असते. वसई-विरारहून गाडीने जायचे तर अहमदाबाद महामार्ग, खाडीवरचा वर्सोवा पूल, काशिमिरा आणि दहिसरचा नाका हे सगळे ओलांडावे लागते, आणि यातल्या कुठल्याही ठिकाणी तासभर अडकायला होते. मोजके सामान असेल आणि विमान दिवसा असेल, तर लोकलने अंधेरी, मेट्रो एकने मरोळ नाका आणि तिथून ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या मेट्रो तीनने थेट टर्मिनल दोन हा भरवशाचा मार्ग आहे. मात्र सकाळच्या गर्दीत चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बॅगा घेऊन चढू नये. मध्यरात्रीच्या विमानासाठी गाडीच घ्यावी आणि संध्याकाळच्या कोंडीचे दोन तास हिशेबात धरून जेवणाआधी घर सोडावे. परतीचे विमान जूनमध्ये असेल तर पहिल्या पावसात नालासोपारा-वसई पट्ट्यात रुळांवर पाणी येते, म्हणून तेव्हाही घरी येण्याची गाडी आधीच सांगून ठेवावी.