बटण दाबण्याआधी

एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत रेडिओलॉजीच्या वाट्याला दोन आठवडे येतात. मेडिसिन-सर्जरीच्या पोस्टिंगला पेशंटचं पोट चाचपायला मिळतं, हिस्टरी घ्यावी लागते, चुकलं तर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात. इथे नुसतं उभं राहून बघायचं. त्यामुळे पोरं या पोस्टिंगला अर्धी सुट्टीच समजतात. हजेरीची सही झाली की दोघंतिघं कॅन्टीनला आणि उरलेले एमआरआयच्या काचेपुढे. माझ्या मते ती काच शेवटी बघावी. शिकण्यासारखं जे आहे ते साध्या एक्स-रेच्या खोलीत आहे, तेही सकाळच्या गर्दीत.

बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या पोराला तर ही गर्दी ओळखीचीच. खानापूर रोडवरून गावाबाहेर पडून बेळगावकडे निघालं की उद्यमबाग लागते: फौंड्र्या, मशीन शॉप, क्रँकशाफ्टचे आणि हायड्रॉलिकचे कारखाने. पुढे तिसरं रेल्वे गेट, मग टिळकवाडी, मग शहर. नेहरूनगरचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ सालचं; जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं सरकारी कॉलेज, बिम्स, या शतकातलं. दोन्हीकडे खानापूर, चंदगड, बैलहोंगल असा सगळा मुलूख येतो. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस तासाभराने एक्स-रेच्या बाकावर भेटला तर नवल नाही.

छातीचा एक्स-रे म्हणजे सगळ्यात सोपा, असं पुस्तक वाचून वाटतं. पेशंटची छाती प्लेटला, पाठ ट्यूबकडे, मध्ये सहा फुटांचं अंतर. हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे झुकवलेले, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. मग भरून श्वास घ्यायचा आणि धरायचा. खरी कसोटी या शेवटच्या पायरीत. श्वास नीट भरला असेल तर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. अर्धाच भरला तर फुफ्फुसाचा तळ पांढुरका दिसतो आणि हृदय फुगल्यासारखं. चांगला टेक्निशियन मशीनकडे क्वचितच बघतो. तो पेशंटच्या खांद्याकडे बघतो. ‘मावशी, दम वडा... धरा... सोडा.’ पुढच्याला तेच कन्नडमधून, ‘उसिरु तगोरी... हिडीरी... बिडरी’, त्यापुढच्याला हिंदीतून. कुणाला कोणती भाषा, हे तो विचारत बसत नाही. दारातून आत येताना पेशंट सोबतच्या माणसाशी काय बोलला, ते त्याने ऐकलेलं असतं. हे कुठल्या लॉगबुकात नाही.

दागिन्यांचा प्रश्न तर क्ष-किरणांच्या जन्मापासूनचा. ८ नोव्हेंबर १८९५ ला राँटगेनना हे किरण सापडले आणि २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्या जगप्रसिद्ध फोटोत बोटातली अंगठी ठळक दिसते. इथे मंगळसूत्र, तावीज, करदोटा, ब्लाउजची पिन. मंगळसूत्र काढा म्हटलं की बाई गप्प उभी राहते. अनुभवी माणूस अशा वेळी हुज्जत घालत नाही. सासूला किंवा जावेला आत बोलावून ते तिच्या हातात द्यायला सांगतो आणि काम पुढे सरकतं.

त्याहून फसवी असते ती वेणी. केसांचा जाड पेड खांद्यावरून पुढे आला, तर फुफ्फुसाच्या वरच्या भागात धुरकट डाग उमटतो, आणि टीबीचा डागही नेमका तिथेच बसतो. नीट बघितलं तर वेणीची सावली फुफ्फुसाची हद्द ओलांडून मानेपर्यंत गेलेली दिसते. पण नीट बघायला वेळ हवा. त्यापेक्षा आधीच केस वर बांधायला सांगणं स्वस्त. नाहीतर एखादी बाई थुंकीच्या तपासणीच्या रांगेत उभी राहते आणि घरी तिचं ताट-तांब्या वेगळा काढला जातो.

विद्यार्थ्याची जागा मात्र आडोशामागे, कंट्रोल पॅनलच्या बाजूला. खोलीला नऊ इंची विटांची भिंत, दाराला शिसं, वर लाल दिवा. छातीच्या एका फोटोला ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी किरण लागतात. छातीच्या सीटीला त्याच्या कितीतरी पट. विभागातल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवर, लेड अॅप्रनच्या आत, किरणांचा हिशोब ठेवणारा टीएलडी बॅज असतो. तो ठरावीक मुदतीने मोजायला जातो आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा पाळावी लागते. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला बॅज मिळत नाही, तेव्हा त्याने भिंतीची मर्यादा राखावी. पोर्टेबल मशीन वॉर्डात आलं की सगळेच दारामागे पळतात, त्यात प्राध्यापकही आले.

आता एमआरआयची काच. तिथला दीड टेस्लाचा चुंबक रात्रंदिवस चालूच असतो. स्कॅन थांबला म्हणून ओढ थांबत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला पेशंटचा नातेवाईक सिलिंडरसकट मशीनकडे ओढला गेला आणि मरण पावला. म्हणून दारावरची चौकशी कडक. पेसमेकर, क्लिप, रॉड, सगळं विचारतात. उद्यमबागेच्या टापूत त्यात एक प्रश्न फार मोलाचा ठरतो: डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? असा कण डोळ्यात अडकून राहिला असेल, तर चुंबक त्याला हलवू शकतो. एमआरआयनंतर अशा कणामुळे पेशंटच्या एका डोळ्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली होती. शंका असेल तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढतात.

पण शंका यायला प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘डोळ्याला इजा झालीय का?’ म्हटलं की उत्तर ‘न्हाई’. ‘मामा, ग्राइंडरवर असताना डोळ्यात काय गेलतं काय?’ म्हटलं की, ‘ते काय, रोजचंच की.’ शेजारचा गडी रुमालाच्या टोकाने कण काढतो आणि पाळी पुढे चालू राहते. त्याला कुणी इजा म्हणत नाही. बाहेरगावाहून आलेल्या हुशार पीजी डॉक्टरला हे कळायला महिने लागतात. पिरनवाडीच्या पोराच्या घरात नाहीतर गल्लीत तो माणूस असतोच.

सोनोग्राफीत विद्यार्थी एका कोपऱ्यात उभा. गर्भलिंग निदानाला मनाई करणारा कायदा १९९४ चा. भिंतीवर कन्नड-इंग्रजीत फलक आणि प्रत्येक गरोदर बाईमागे एफ फॉर्म. तिथे गप्प बसावं हे उत्तम.

दुपारनंतर रिपोर्टिंग रूम. पडद्यावर एक छाती: वरच्या भागात दोन्हीकडे बारीक बारीक दाणे. टीबी असेल. किंवा सिलिकोसिस असेल, कारण फौंड्रीत साच्याच्या वाळूतली सिलिका वर्षानुवर्षं श्वासात गेली तरी दाणे वरच्या भागातच आधी जमतात. किंवा दोन्हीही असतील. सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर धरतो. फरक मोठा आहे. एकाला सहा महिन्यांच्या गोळ्या, दुसऱ्याला औषधच नाही. त्याला ती वाळू सोडावी लागते आणि नुकसानभरपाईचा हक्क सांगायला कामाचा पुरावा जमवावा लागतो. फोटो निवाडा देत नाही. माणूस फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासायला, होता की हॉटेलात, एवढं कळलं तरी पारडं कुठेतरी झुकतं.

सर फॉर्म मागतात. त्यावर नाव, वय आणि ‘चेस्ट पीए’ एवढंच. धंद्याचा उल्लेख नाही, किती दिवसांचा खोकला तेही नाही. तो भरणारा इंटर्न पन्नास फॉर्मांच्या ढिगाशी झुंजत असतो, आणि दोन वर्षांनी हाच विद्यार्थी त्याच्या खुर्चीत बसणार असतो. पेशंटला फोन लावावा तर नंबर भावाचा, आणि भाऊ पाळीवर. मग रिपोर्टात दोन्ही आजारांची नावं एकाखाली एक येतात आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: क्लिनिकल कोरिलेशन करावं.