वकिलातीचा पहारा कसा उभा राहतो?

   १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे निजामाच्या दरबारातील इंग्रज वकिलाच्या ठाण्यावर, चाल केली. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी वकिलाला आधीच निरोप धाडला होता. ठाण्यातील तुकडीच्या तोफा सज्ज होत्या. हल्ला परतवला गेला.

यजमानाकडून वेळेवर खबर आणि आत स्वतःची तुकडी, ही दोन सूत्रे आजही कायम आहेत. १९६१च्या व्हिएन्ना कराराचे कलम २२ वकिलातीच्या रक्षणाची जबाबदारी यजमान देशावर टाकते. म्हणून बाहेरचे कडे स्थानिक पोलिसांचे असते. धोका मोठा असेल, तर यजमानाच्या संमतीने आतले कडे पाठवणारा देश उभारतो. काबूलमधील भारतीय वकिलातीत ते काम भारत-तिबेट सीमा पोलिसांनी केले. ७ जुलै २००८ रोजी फाटकावर कारबाँब फुटला. त्यांचे दोन जवान आणि दोन वरिष्ठ भारतीय अधिकारी गेले. मृतांत बहुसंख्य अफगाण नागरिक होते.

स्फोटाचा दाब अंतराबरोबर झपाट्याने घटतो. त्यामुळे वाहन इमारतीपासून शक्य तितके दूर रोखणे, हेच फाटकावरच्या पहाऱ्याचे पहिले काम.

पण फाटक पुरेसे नसते. फेब्रुवारी १९८४मध्ये बर्मिंगहॅममधील भारतीय अधिकारी रवींद्र म्हात्रे यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. पुण्याचा म्हात्रे पूल त्यांच्याच नावाचा. पहारा इमारतीइतकाच माणसांचाही हवा, हा धडा त्यांच्या मृत्यूने दिला.