घड्याळ बदलण्यासाठी हजार पॅकेजे
१९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात साठविणाऱ्या प्रणालींत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी मावेनासा होईल आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या ‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीने २०२४ मध्ये त्यावर उपाय हाती घेतला. आकडा ६४ बिटांचा करणे तसे सोपे. खरी कसोटी ताळमेळाची. लायब्ररी नवी आणि तिच्यावर विसंबणारा प्रोग्रॅम जुना, अशी जोडी जमली की वेळेचा हिशेब चुकतो, प्रोग्रॅम कोलमडू शकतो. म्हणून हजाराहून अधिक लायब्रऱ्यांच्या पॅकेजांना ‘टी६४’ हे शेपूट जोडून नवी नावे देण्यात आली. नाव वेगळे असल्याने जुन्या-नव्याची सरमिसळ टळते. मात्र त्यांवर अवलंबून असलेले प्रत्येक पॅकेज पुन्हा बांधावे लागते. ‘अनस्टेबल’ शाखेत त्यामुळे काही आठवडे कमालीची ओढाताण झाली. त्यातच मार्चअखेरीस ‘एक्सझेड’मध्ये दडविलेला चोरदरवाजा उघडकीस आला!

ऑगस्ट २०२५ मधील ‘ट्रिक्सी’ आवृत्तीतून हा बदल सर्वांपर्यंत पोहोचला. जुन्या पीसींची ‘आय३८६’ शाखा मात्र हेतुपुरस्सर वगळण्यात आली. पुन्हा बांधता न येणारे जुने प्रोग्रॅम चालविणे, एवढेच तिचे प्रयोजन उरले आहे.