उंबरठ्याची उंची

मुलुंडच्या किंवा घाटकोपरच्या जुन्या वस्तीतील एखादी इमारत डोळ्यांपुढे आणावी. तळमजला, वर तीन मजले, आणि लिफ्ट नाही. एका मजल्याची उंची सुमारे १० फूट व पायरीची साडेसहा इंच धरली, तर मजल्यास १८ पायऱ्या होतात. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यास रस्त्यावर येण्यासाठी ५४ पायऱ्या उतराव्या लागतात आणि घरी परतण्यासाठी तितक्याच चढाव्या लागतात. पंचविशीतील तरुणास ही संख्या ठाऊक नसते. ज्याचे गुडघे झिजले आहेत, ज्याच्या हातापायांत आमवात शिरला आहे, किंवा पक्षाघाताने ज्याची एक बाजू दुबळी झाली आहे, त्यास मात्र ती तोंडपाठ असते.

अशा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंचे उदाहरण घ्यावे. प्रथम त्यांचे भजनी मंडळ सुटते. मग बाजार सुटतो. भाजीवाल्यास गॅलरीतून हाक मारून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडली की काम भागते. पुढे बँकेत जाणे सुटते, लग्नकार्यास जाणे सुटते, आणि एके दिवशी पहिल्या मजल्यावरील मैत्रिणीकडे जाणेही सुटते. दोन खोल्या व एक गॅलरी एवढेच जग उरते. घरची माणसे म्हणतात, “आता वयच झाले.” वास्तविक दुखणे वर्षापूर्वी होते तेवढेच असते, वाढलेली असते ती कोंडी.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आजार ही एक गोष्ट आणि अडचण ही दुसरी. आजार शरीरात असतो. त्याचा विचार वैद्याने करावयाचा. अडचण पुष्कळदा उंबरठ्यात, मोरीच्या दारात, जिन्यात आणि फलाटाच्या कडेत असते, व तिचा विचार घराने, शेजाऱ्यांनी आणि नगराने करावयाचा असतो. आजार बरा होणे कित्येकदा मनुष्याच्या हाती नसते. अडचण मात्र फूटपट्टीने मोजता येते, आणि जे मोजता येते त्यातील बरेचसे बदलता येते.

आरंभ घरापासून करावा. चाकाच्या साध्या खुर्चीची रुंदी सुमारे २५ ते २६ इंच असते. जुन्या घरातील मोरीचे दार कित्येकदा त्याहून अरुंद असते, म्हणजे खुर्ची घरात येते पण मोरीत जात नाही. मनुष्यास खरी लाज वाटते ती येथे, कारण प्रत्येक वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते. खुर्ची विकत घेण्यापूर्वी सर्व दारे मोजण्याचे श्रम घेतले, तर पुढचा मनस्ताप वाचतो. उंबरठ्याचेही तसेच आहे. उताराचा सर्वमान्य नियम एकास बारा असा आहे: १ इंच उंची चढण्यास १२ इंच लांबीचा उतार. ६ इंचांच्या पायरीस ६ फूट लांबीची फळी लागेल. घाईने दोन फुटांची फळी टाकली, तर तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते.

पडझडीचे घरातील मुख्य ठिकाण मोरी होय. ओली फरशी, धरावयास काही नाही, आणि खाली बसून उठावयाचे. भिंतीत पक्की बसविलेली लोखंडी दांडी, बसून अंघोळ करण्यास न हलणारे स्टूल आणि रात्रभर जळणारा लहानसा दिवा, यांचा खर्च मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेपुढे काहीच नव्हे. टॉवेल अडकविण्याच्या दांडीवर भिस्त ठेवू नये; ती शरीराचा भार पेलण्यासाठी केलेली नसते. अंथरुणातून एकदम उठल्यास रक्तदाब क्षणभर उतरून भोवळ येते. यास्तव मिनिटभर कडेला बसून मगच उभे राहावे.

काठीविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. उजवा पाय दुखत असला की काठी उजव्या हातात धरावी, असे बहुतेकांस वाटते. ती डाव्या हातात, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूस धरावयाची असते. चालताना एका पायावर भार आला म्हणजे शरीर दुसऱ्या बाजूस कलू पाहते. त्यास सावरण्यासाठी खुब्याचे स्नायू जोराने ओढतात, आणि त्या ओढीमुळे सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट दाब येतो. विरुद्ध हातातील काठी सांध्यापासून दूर टेकते. त्यामुळे तरफेच्या नियमाने थोड्या जोरात पुष्कळ भार हलका होतो. काठीची मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीस यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

दुखण्यास स्वतःचे घड्याळही असते. सांधे झिजले असता सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. आमवातात तो तासाहून अधिक टिकतो. उपनगरांत नळास पाणी येते ते ठराविक वेळी, आणि पुष्कळ ठिकाणी नेमके पहाटे. ज्या वेळी बोटे वळत नाहीत त्याच वेळी बादल्या उचलाव्या लागतात. पाण्याची वेळ बदलणे घराच्या हाती नाही. पण ते काम दुसऱ्याकडे देणे, बादलीऐवजी नळी लावणे, विळीवर बसून चिरावयाची भाजी खुर्चीवर बसून दहा वाजता चिरणे, हे हाती आहे. बरे वाटले त्या दिवशी सगळे घर आवरून काढावे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरावे, ही चूक जवळजवळ प्रत्येक रुग्ण करतो. दमण्यापूर्वी विसावा घेणे हा आळस नव्हे, तो काटकसरीचा हिशेब आहे.

साधने माणसाच्या राहणीस जुळली पाहिजेत, हे इतिहासही सांगतो. अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण अभियंत्याचे पाय १९१८ साली अपघाताने निकामी झाले. त्या काळच्या चाकाच्या खुर्च्या अवजड असत व मोटारीत मावत नसत. हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या साहाय्याने त्यांनी १९३३ साली घडी घालता येणारी पोलादी खुर्ची तयार केली; आज रुग्णालयांत दिसणारी खुर्ची तिच्याच कुळातील. आपल्याकडे १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचे कृत्रिम पाऊल घडविले. परदेशी पाय बुटात घालण्यासाठी केलेले होते. ते घालून मांडी घालता येत नसे की उकिडवे बसता येत नसे. जयपूरचे पाऊल अनवाणी चालणाऱ्या, जमिनीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते, आणि म्हणूनच ते देशभर पसरले.

याहूनही बोधप्रद गोष्ट पुण्याच्या मिलेहा सोनेजी यांची आहे. त्या वस्तूंची रचना करण्याच्या शास्त्रात शिकलेल्या. त्यांच्या घरातील एका वडीलधाऱ्या नातलगांस कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार झाला होता. सपाट जमिनीवर त्यांचे पाऊल अडखळे, पण जिना ते सहज चढत-उतरत. ही विसंगती सोनेजींच्या नजरेस आली, आणि त्यांनी सपाट जमिनीवरच जिन्याचा भास होईल असे चित्र अंथरले. नातलग त्यावरून चालत गेले. २०१५ साली एका व्याख्यानात त्यांनी ही हकीकत सांगितली. कारण समजण्याजोगे आहे. कंपवातात चालण्याची आपोआप चालणारी लय बिघडते. परंतु डोळ्यांसमोर ठळक रेषा असल्या की मनुष्य प्रत्येक पाऊल जाणून उचलतो, आणि अडलेली वाट दुसऱ्या मार्गाने मोकळी होते. या युक्तीस पैसा थोडाच लागला. निरीक्षण मात्र पुष्कळ लागले.

घराबाहेर पडले की प्रश्न एकट्या कुटुंबाचा राहत नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवणे, दोन्ही बाजूंस कठडा बसविणे, पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगाने रंगविणे, याकरिता सोसायटीच्या सभेत एक ठराव पुरतो. लिफ्टचा प्रश्न निघाला म्हणजे तळमजल्यावरील सभासद खर्चाची तक्रार करतात. ती अगदीच अन्याय्य नाही. परंतु आजचा धडधाकट सभासद वीस वर्षांनी कोणत्या गुडघ्यांनी चालणार आहे, हेही त्याच सभेत विचारावयास हवे.

पुढचा टप्पा स्थानकाचा. लोकल जेमतेम अर्धा मिनिट थांबते. फलाट व डब्याचा तळ यांत अंतर असले, तर धडधाकट माणसाचाही पाय चुकतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर सोळा वर्षांची एक मुलगी या पोकळीत पडली व तिला दोन्ही हात गमवावे लागले. त्यानंतर उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातले आणि फलाट सुमारे ९०० मिलिमीटर उंचीपर्यंत वाढविण्याच्या कामास वेग आला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा, अंधेरी व घाटकोपर यांस जोडणारी मेट्रो सुरू झाली. तिचा फलाट व डबा जवळजवळ एका पातळीत आहेत आणि स्थानकांत लिफ्ट आहेत. २०२२ व २०२३ साली दोन टप्प्यांत सुरू झालेल्या मार्गांनी बोरिवलीसही ही सोय मिळाली. ज्या मनुष्यास लोकलमध्ये चढणे अशक्य, तोच मनुष्य मेट्रोत सहज चढतो. त्याच्या पायांत कोणतीही सुधारणा झालेली नसते. फलाटात झालेली असते. आजार व अडचण यांतील भेद याहून स्पष्ट कोठे दिसावा?

कायद्यानेही आता हीच दृष्टी स्वीकारली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात ते २१ झाले, आणि कंपवात व मल्टिपल स्क्लेरोसिस यांसारख्या चिवट मज्जाविकारांचाही त्यांत समावेश झाला. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यास अनेक सवलती मिळतात. कित्येक सुशिक्षित घरांत हा दाखला काढण्याचा संकोच वाटतो, जणू तो घेतल्याने आजार वाढणार आहे! राखीव डब्यात बसणे हे कोणाचे उपकार घेणे नव्हे.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आजारी माणसावर माया करणारी घरची माणसे त्याच्या हातचे एकेक काम काढून घेतात. “तुम्ही बसा, आम्ही करतो,” हे वाक्य प्रेमाचे खरे, पण दिवसातून वीस वेळा ऐकले की ते निकालासारखे वाटू लागते. कपाटातील डबा काढून देण्यापेक्षा तो हाताला लागेल अशा फळीवर आणून ठेवणे ही अधिक मोठी सेवा होय. चालणाऱ्याचा दंड धरून ओढू नये. आपला हात पुढे करावा आणि तो त्याने धरावा. काय करून हवे, हे ठरविण्यापूर्वी त्यालाच विचारावे, आणि तो “नको” म्हणाला तर त्या शब्दाचा मान राखावा.

तिसऱ्या मजल्यावरील त्या बाईंना सगळ्या ५४ पायऱ्या रोज उतरता येतील असे नाही. पण वळणावर खुर्ची असली, कठडा दोन्ही बाजूंस असला आणि घाई करणारे कोणी नसले, तर आठवड्यातून एकदा १८ पायऱ्या थांबत थांबत उतरून दुसऱ्या मजल्यावर, आणि जमल्यास ३६ उतरून पहिल्या मजल्यावरील मैत्रिणीपर्यंत जाता येईल. औषधाच्या चिठ्ठीवर ही गोष्ट कोणी लिहून देत नाही. ती घरानेच फूटपट्टी हाती घेऊन, बाईंना विचारून ठरवावयाची आहे.