अ‍ॅपचा स्क्रीन स्वतः बदला: झॅमलची तोंडओळख

समजा, तुमचा डब्याचा व्यवसाय आहे आणि अ‍ॅप करून घेतलंय. आता बटणावर 'ऑर्डर करा'ऐवजी 'डबा सांगा' हवंय. एवढ्यासाठी दरवेळी डेव्हलपरला पैसे द्यायचे का?

अ‍ॅप मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट माऊईत बनलं असेल, तर त्याचा स्क्रीन बहुधा झॅमल या मार्कअप भाषेत लिहिलेला असतो. ही टॅगची भाषा आहे. 'लेबल' म्हणजे नुसता मजकूर, 'एन्ट्री' म्हणजे ग्राहकाने लिहायची चौकट, 'बटन' म्हणजे बटण. 'व्हर्टिकल स्टॅक लेआउट' हे सगळं डब्याच्या कप्प्यांसारखं एकाखाली एक रचतो.

बटणावरचे शब्द 'टेक्स्ट'पुढे अवतरणचिन्हांत असतात. तेवढेच बदला. टॅग उघडा राहिला किंवा नावातलं कॅपिटल अक्षर स्मॉल झालं, तर अ‍ॅप चालणार नाही.

पण झॅमल फक्त दाखवतं! ऑर्डर नोंदवणं, बिल काढणं हे काम सी शार्प कोडचं. ते डेव्हलपरवरच सोडा.

शिवाय बदल ग्राहकापर्यंत पोचवायला नवीन आवृत्ती स्टोअरवर टाकावी लागते. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी सोर्स कोड आणि साइनिंग की मागून घ्या. ते हातात नसेल, तर झॅमल शिकूनही उपयोग नाही.