घाटात सोमवारला सोबत नेऊ नका!

लाँग वीकएण्ड जवळ आला की प्रत्येक ऑफिसात एक सीन हमखास घडतो. कॅन्टीनमध्ये चहाचे कप हातात घेऊन चार डोकी एका मोबाइलवर वाकलेली असतात. कुणीतरी म्हणतं, ‘अरे, फक्त साडेतीनशे किलोमीटर आहेत. दोन दिवसांत आरामात होईल!’ आणि तिथेच ट्रिपचा बोऱ्या वाजायला सुरुवात होते. कारण साडेतीनशे किलोमीटर हा हायवेचा हिशेब झाला. घाटाचा हिशेब किलोमीटरमध्ये नसतोच, तो तासांत असतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक्सेल शीट बनवण्याचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. ‘मॅडम प्लॅनर’ म्हणून सगळे चिडवतात, पण हॉटेल बुक झालं का, हे मलाच विचारतात. तर या मॅडम प्लॅनरच्या शीटमधला सगळ्यात लाडका रूट आज तुमच्यासाठी. पुणे, वाई, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, रायगड, माणगाव, ताम्हिणी घाट आणि परत पुणे. एकाच फेरीत सह्याद्री चढायचा, कोकणात उतरायचं आणि पुन्हा सह्याद्री चढून घरी यायचं. दिवस तीन. पण रजा मात्र चार दिवसांची! चौथा दिवस कशाला, ते पुढे सांगते.

आधी कॅलेंडर, मग कॅमेरा

पावसाळ्यातल्या घाटाचे फोटो पाहून कुणालाही मोह होईल. पण हाच घाट जुलैमध्ये काय करू शकतो, हेही एकदा आठवा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी खचला आणि वाहतूक बंद झाली. त्याच पावसात महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला होता. जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅलर्ट आला की प्रशासन घाट बंदही करतं, आणि तेव्हा बॅरिकेडपाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

म्हणून माझी आवडती वेळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. डोंगर हिरवेगार, काही धबधबे अजून वाहते, आणि धुकं कमी असल्याने दरी दिसते तरी! थंडी आणि स्ट्रॉबेरी दोन्ही हवं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

दिवस पहिला : कृष्णेकाठचा नाश्ता

पुण्याहून सहाला निघा. साडेसहा नाही, सहा! खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला आत वळलात की हायवेची घाई संपते. वाई साधारण नव्वद किलोमीटर. ढोल्या गणपतीचं दर्शन, गरमागरम मिसळ, आणि मग तीनेक किलोमीटरवरचं मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा तो शांत घाट पाहून ‘हे कुठेतरी पाहिलंय’ असं वाटलं, तर बरोबर आहे. ‘स्वदेस’चं शूटिंग इथलंच.

वाई सोडली की लगेच पसरणी घाट. पाचगणीपर्यंत अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण मागे वळून पाहिलं की धोम धरणाचं पाणी आणि चौकोनी शेतं अशी काही पसरलेली दिसतात की गाडी थांबवावीशी वाटतेच. थांबवा, पण वळणावर नको. जागा रुंद असेल तिथेच. पाचगणीहून महाबळेश्वर आणखी एकोणीस किलोमीटर. दुपारी जेवायला पोचलात, तर अख्खी संध्याकाळ तुमची.

दिवस दुसरा : सावित्रीच्या सोबतीनं खाली

सकाळी जुन्या महाबळेश्वरला जा. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गंमत बघा, काल वाईला भेटलेली कृष्णा इथून पूर्वेला वाहत पार बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून अरबी समुद्राकडे धावते. आज आपल्याला सावित्रीच्या बाजूनं उतरायचंय.

नऊच्या आसपास निघा. वाटेत प्रतापगड. गड १६५६ मध्ये बांधून झाला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला त्याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण जावळीचं ते खोरं बुरुजावरून पाहिलं की शिवाजी महाराजांनी नेमकी हीच जागा का निवडली, हे पुस्तकाशिवाय कळतं. प्रतापगड आणि उद्याचा रायगड, दोन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेत.

आणि मग आंबेनळी. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, मधलं अंतर फक्त चाळीस किलोमीटर! म्हणजे केवढा उतार, तुम्हीच विचार करा. सकाळी उतरायचं आणखी एक कारण म्हणजे सूर्य पाठीशी असतो. दुपारनंतर तोच पश्चिमेला तोंड करून गाडी चालवणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.

या घाटात मी दर वेळी म्युझिक बंद करते. २८ जुलै २०१८ ला, शनिवारी सकाळी, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले. आपल्यासारखेच वीकएण्डच्या सहलीला महाबळेश्वरला निघालेले लोक होते ते. घाबरवण्यासाठी नाही सांगत. पण हा रस्ता आपल्याकडून पूर्ण लक्ष मागतो, आणि ते त्याला द्यायचं.

पोलादपूरला मासे-भाकरी खा आणि महाडला मुक्काम करा. उजेड असेल तर चवदार तळ्यावर जरूर जा. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं पाणी हातात घेतलं. ट्रिपमधली ही दहा मिनिटं नंतर खूप वेळ सोबत राहतात.

दिवस तिसरा : रायगड आणि ताम्हिणी

महाडहून रायगडचा पायथा पंचवीसेक किलोमीटर. पायऱ्या दीड हजारांच्या घरात आहेत. दुपारी स्टिअरिंग धरायचं असेल त्यानं सरळ रोपवेनं जावं. पाय दुखत असताना क्लच दाबण्यात कसला आलाय पराक्रम! बारापर्यंत खाली या, माणगावला जेवा आणि निजामपूरमार्गे ताम्हिणी चढा. वर आलात की मुळशीचं पाणी बराच वेळ सोबत करतं. शंभर वर्षांपूर्वी याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला होता. वेळ जुळली तर सहाच्या सुमाराला पौड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुमचं स्वागत!

मुंबईकरांनो, तुम्ही हीच फेरी उलटी करा. पनवेल, माणगाव, महाडवरून या, आंबेनळी चढा आणि वाई-पुण्याहून एक्स्प्रेस वेनं परत जा.

मामाचे धडे

माझा मामा एसटीत ड्रायव्हर होता. पोलादपूर-महाबळेश्वरच्या फेऱ्या त्यानं इतक्या केल्या की वळणांना त्याची स्वतःची नावं होती. मी पहिल्यांदा गाडी घेऊन घाटात निघाले, तेव्हा त्याचा फोन आला. ‘हे बघ पोरी, ज्या गिअरात चढलीस त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलीस तर ब्रेक तापतील, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळेला दगा देतो.’

यामागे साधं विज्ञान आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरतं आणि ब्रेक थंड राहतो. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक निवू द्यायचे, पाणी ओतायचं नाही. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं तर अजिबातच नको. ऑटोमॅटिकवाल्यांनी ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड वापरावा. इलेक्ट्रिक गाडीत उतारावर रीजनरेशन हेच काम करतं, आणि बॅटरीत थोडं चार्जिंगही परत येतं.

मामाचा दुसरा धडा : ‘चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.’ हा नुसता शिष्टाचार नाही, नियम आहे. अरुंद घाटात उतरणाऱ्यानं थांबायचं. तिसरा : आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा आणि ओव्हरटेकचा विचारही करायचा नाही. धुक्यात लो बीम लावायचा, कारण हाय बीमचा उजेड धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आणि ड्रायव्हर बदलायचा तो घाटाच्या पायथ्याशी, मध्यावर नाही.

आता तो चौथा दिवस

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबरअखेर. रविवारी दुपारी आम्ही माणगावात जेवत होतो. सकाळपासून उघडलेलं आभाळ अचानक भरून आलं आणि धो धो कोसळायला लागलं. हॉटेलवाले काका म्हणाले, ‘ताई, आत्ता वर जाऊ नका. ताम्हिणीत दगड-माती आलीय रस्त्यावर.’ दुसरा रस्ता होता, वाकण-पाली-खोपोलीवरून. पण तिकडेही तसाच पाऊस, आणि बोरघाटात पोचेपर्यंत अंधार नक्की.

माझी सोमवारची रजा मंजूर होती. आमच्यातल्या एकीची नव्हती. सोमवारी साडेनऊला तिचं क्लायंट प्रेझेंटेशन होतं, दीड महिना खपून केलेलं. ‘यार, हळूहळू जाऊ ना. होईल काही नाही,’ ती म्हणाली. टेबलवर कुणीच बोलेना. मग आमचा सीए मित्र, तो दिवसभर गाडी चालवत होता, शांतपणे म्हणाला, ‘तू घाबरलेली नाहीयेस, तुला उशीर होतोय. घाटात या दोन्हींतलं उशीर होणं जास्त वाईट.’

तिनं बाहेर जाऊन बॉसला फोन केला. पाच मिनिटांचा कॉल, आम्हाला तासाभराचा वाटला. आम्ही माणगावातल्या एका साध्या लॉजवर राहिलो. सकाळी ताम्हिणी चढलो तेव्हा एका वळणावर जेसीबी अजून माती बाजूला करत होता. सगळे त्या ढिगाऱ्याकडे बघत होतो, कुणी फोटो काढला नाही.

इथे मी ‘आणि बॉसनं तिचं कौतुक केलं’ असं लिहू शकले असते. तसं झालं नाही. प्रेझेंटेशन तिच्या सहकाऱ्यानं केलं आणि क्रेडिटही त्यालाच मिळालं. ती दोन आठवडे धुसफुसत होती. आज मात्र ट्रिप ठरली की पहिला मेसेज तिचाच येतो : ‘सोमवार रिकामा आहे ना?’

म्हणून चौथा दिवस. ‘राखीव’ म्हणून शीटमध्ये लिहा. चार दिवस मिळत नसतील, तर रायगड पुढच्या वेळेला ठेवा आणि दोन दिवसांची ट्रिप तीन दिवसांत करा, पण तो रिकामा दिवस कापू नका. गाडीत सीट पाच असतात. सहाव्या सीटवर सोमवार येऊन बसला की तोच अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लागतो. आणि काही बिघडलंच नाही, तर? मग काय, सोमवारी घरी लोळा, गाडी धुवा, फोटो निवडा. यासारखी चैन नाही!

निघण्याआधी एवढं कराच

• घाटाचा हिशेब तासाला पंचवीस किलोमीटर असा धरा, फोटो आणि चहासकट.

• अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचायचं, असंच टाइमटेबल करा.

• टायरची नक्षी तपासा. कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी, घाटासाठी त्याहून जास्त असलेली बरी. स्टेपनीत हवा आहे ना? ब्रेक, वायपर आणि कूलंट मेकॅनिककडून बघून घ्या, तेही निघण्याच्या आठवडाभर आधी.

• पेट्रोल साधारण तीस लिटर धरा. वाईला आणि महाडला टाकी भरा, ताम्हिणीच्या भरवशावर राहू नका.

• घाटात नेटवर्क जातं. मॅप आधीच डाउनलोड करा आणि घरच्यांना रूट पाठवून ठेवा. इमर्जन्सीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

• गाडी लागते त्याला पुढे बसवा, सकाळी हलकं खायला द्या आणि आवळा सुपारी जवळ ठेवा. मोबाइलवर डोकं खुपसून बसू देऊ नका.

• मुक्कामाचं हॉटेल शक्यतो तारीख बदलता येईल असं घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

• आणि रजेचा अर्ज आजच टाका. चार दिवसांचा!